एका शिफारसपत्राची दुरुस्ती

दिवाळीच्या सुटीआधीचे आठ-दहा दिवस महाविद्यालयात गडबडीचे असतात. सत्र संपत आलेले असते, अंतर्गत गुणांच्या याद्या परीक्षा विभागाकडे जायच्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोणीतरी माजी विद्यार्थी विभागाच्या दारात उभा राहून 'सर, एक सही हवी होती' असे म्हणतो. पूर्वी ही सही बी.एड.च्या अर्जावर असे, नाहीतर चारित्र्याच्या दाखल्यावर. गेल्या काही वर्षांत, वर्षाआड का होईना, परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र मागणारे कोणी येऊ लागले आहे. मराठी घेऊन एम.ए. झालेल्याने परदेशी जाऊन पुढे शिकावे, हे ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. आमच्याही उंचावल्या होत्या, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

परदेशी विद्यापीठाकडे करावयाचा अर्ज सशक्त कसा करावा, याविषयी आम्हांला जे थोडेफार कळले आहे ते इथे मांडायचे आहे. मात्र ते उपदेशकाच्या आसनावरून मांडण्याचा अधिकार आम्हां दोघांना नाही. आम्ही एकाच विभागात गेली अनेक वर्षे शिकवतो आहोत, आणि जे कळले ते आमच्याच एका चुकीतून कळले. त्या चुकीची किंमत एका विद्यार्थिनीने एक संपूर्ण वर्ष देऊन चुकवली.

ती एम.ए. होऊन दोन वर्षे झाली होती. एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होती. एके दिवशी विभागात येऊन म्हणाली, "मॅडम, मला बाहेर पीएच.डी.ला अर्ज करायचाय. दक्षिण आशियाई भाषांचे विभाग असतात तिकडे." आम्ही तिला बसायला सांगितले, चहा मागवला, आणि मग प्रामाणिकपणे पण अडाणीपणाने विचारले, "पण मराठीसाठी अमेरिकेला कशाला?"

वास्तविक हा प्रश्न आम्ही विचारायला नको होता. ॲन फेल्डहाउस यांचे नाव आम्ही वर्गात घेतो. शं. गो. तुळपुळे यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि महानुभाव वाङ्मय शिकवताना तो हाताशी ठेवावाच लागतो. गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा आणि धनगर यांच्यावर केलेले काम, एलिनॉर झेलियट यांचे आंबेडकरी चळवळीवरचे आणि संतसाहित्यावरचे लेखन, ख्रिश्चन नोवेट्स्की यांचे नामदेवांवरचे २००८ मधले आणि 'लीळाचरित्र'-'ज्ञानेश्वरी'वरचे २०१६ मधले पुस्तक, अंजली नेर्लेकर यांचे अरुण कोलटकरांवरचे पुस्तक ही सारी नावे आमच्या संदर्भसूचीत असतात. मराठी शिकण्यासाठी परदेशी अभ्यासक पुण्यात येऊन राहतात, हेही ठाऊक असते. मग आपली एखादी मुलगी उलट दिशेने निघाली तर आपल्याला आश्चर्य का वाटावे? त्याचे उत्तर फारसे भूषणावह नाही. आम्ही आमच्या विषयाकडे 'सेट-नेट आणि तासिका' या चौकटीतून पाहू लागलो होतो. विद्यार्थ्यांना आम्ही साहित्य शिकवत होतो खरे, पण त्या शिक्षणाची झेप किती असू शकते, याचा अंदाज आम्हीच आखडता घेतला होता.

असो. तिने अर्ज केले. अशा अर्जात साधारणतः काय काय लागते, ते नवख्या वाचकांसाठी सांगतो: पदवी आणि पदव्युत्तर गुणपत्रके, इंग्रजीच्या चाचणीचे गुण, स्वतःच्या शैक्षणिक कामाचा आढावा, बहुधा तीन शिफारसपत्रे, एक लेखननमुना, आणि सर्वांच्या अग्रभागी 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजे विद्यार्थी ज्याला नुसते 'एसओपी' म्हणतात ते हेतुनिवेदन. पूर्वी जीआरई नावाची परीक्षाही सर्रास लागे. २०२० नंतर अनेक मानव्यविद्या विभागांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणजे पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी तयारी आदल्या उन्हाळ्यातच सुरू करावी लागते.

तिचे हेतुनिवेदन आम्ही वाचले. प्रारंभी एका इंग्रज लेखकाचे वचन होते. मग 'लहानपणापासूनच मला साहित्याची आवड आहे' या अर्थाचे वाक्य होते. त्यानंतर त्या विद्यापीठाची थोरवी, तिथल्या ग्रंथालयाची थोरवी, आणि शेवटी 'मी कष्टाळू असून मला संधी मिळाल्यास तिचे सोने करीन' असा समारोप. आम्ही काय केले? दोन ठिकाणी उपपदे दुरुस्त केली, एक काळ बदलला, आणि 'छान झालंय' असे म्हटले. ते निवेदन आमच्या वर्गातल्या तीस मुलांपैकी कोणाचेही असू शकले असते, हे आमच्या ध्यानात आले नाही. ज्या शिक्षकांनी आयुष्यभर कवितेत 'कवीचा स्वतःचा सूर' शोधला, त्यांना आपल्याच विद्यार्थिनीच्या दोन पानांत तो सूर नाही हे दिसू नये, याला काय म्हणावे?

आमची शिफारसपत्रे तर याहून वाईट होती. आमच्याकडे एक मसुदा होता, बरीच वर्षे वापरलेला. विद्यार्थी अमुक साली ते अमुक साली आमच्याकडे शिकत होता. तो नियमित, प्रामाणिक आणि आज्ञाधारक आहे. त्याची वर्तणूक उत्तम आहे. त्याला उज्ज्वल भवितव्य लाभो. नाव आणि साल बदलले की पत्र तयार. घाईच्या दिवसांत आम्ही विद्यार्थ्यांना 'तूच लिहून आण, आम्ही सही करतो' असेही सांगितलेले आहे. ही पद्धत आमच्यापुरती नाही, हे आमच्यासारखे शिक्षक जाणतात. पण म्हणून ती समर्थनीय ठरत नाही. तिसरे पत्र तिने शाळेच्या मुख्याध्यापकांकडून घेतले. ते सद्गृहस्थ तिच्याविषयी मनापासून चांगले लिहिते झाले, परंतु तिच्या अभ्यासाविषयी त्यांना काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एकामागून एक नकार आले. पाच अर्ज, पाच नकार. प्रत्येक अर्जाचे शुल्क तिने शिकवणीच्या पैशांतून भरले होते. काही विद्यापीठे आर्थिक अडचण दाखवल्यास शुल्क माफ करतात, तशी विनंती अर्जाच्या आधी करावी लागते, हेदेखील आम्हांला नंतर कळले.

नकार कळवायला ती आली तेव्हा रडली वगैरे नाही. तिने एक साधा प्रश्न विचारला. "सर, तुम्ही माझ्याविषयी काय लिहिलं होतं?" अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात शिफारसपत्र पाहण्याचा हक्क विद्यार्थी सोडून देऊ शकतो, आणि तो सोडलेला बरा मानला जातो, कारण मग पत्रातल्या मतावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. तिनेही तो सोडला होता. त्यामुळे आम्ही 'चांगलंच लिहिलं होतं' एवढे उत्तर देऊन सुटू शकलो असतो. पण आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि आमच्यापैकी एकाने संगणकावरून ते पत्र काढून तिच्यापुढे ठेवले. तिने वाचले. ती म्हणाली, "यात मी नाहीये."

त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ विभागातच बसून राहिलो. प्रश्न सोपा होता: या मुलीविषयी आम्हांला असे काय ठाऊक आहे जे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही? आणि मग हळूहळू एक प्रसंग आठवला. लोकसाहित्याचा तास होता. जात्यावरच्या ओव्यांविषयी बोलताना आम्ही नेहमीचे विधान केले, की लोकगीताचा कर्ता अनामिक असतो, समूह हाच त्याचा कर्ता. तिने हात वर केला. म्हणाली, "सर, माझ्या आत्याला विचारलं तर ती प्रत्येक ओवी कोणाची ते सांगते. ही सासूची, ही अमक्या गावच्या जावेची, ही माझी मी जोडलेली. मग अनामिक कोणाला?" आम्ही तेव्हा 'चांगला मुद्दा आहे' असे म्हणून पुढे गेलो, कारण अभ्यासक्रम संपवायचा होता.

आणखी आठवले. अंतर्गत मूल्यमापनासाठी तिने एक प्रकल्प दिला होता. आत्या, आजी आणि शेजारच्या चार बायका यांच्याकडून तिने एकशे चाळीस ओव्या लिहून घेतल्या होत्या, आणि प्रत्येक ओवीपुढे ती कोणाकडून शिकली, कोणत्या गावी, लग्नाआधी की नंतर, याची नोंद केली होती. शेवटी वहीच्या दोन पानांवर रेघा मारून, एक ओवी सासर-माहेरच्या वाटेने कशी चार गावे फिरली, याचा नकाशा काढला होता. आम्ही गुणांची नोंदवही काढून पाहिली. त्या प्रकल्पाला आम्ही २० पैकी १४ गुण दिले होते. शेरा होता: 'संदर्भग्रंथ अपुरे.'

तिची सगळी पात्रता त्या वहीत होती, आणि आम्ही तिच्यावर 'अपुरे' असा शेरा मारला होता.

पुढच्या वर्षीचा अर्ज याच वहीतून उभा राहिला. पण त्याकडे वळण्यापूर्वी एका जुन्या अर्जाविषयी लिहायला हवे, कारण हेतुनिवेदन म्हणजे काय हे आम्हांला खऱ्या अर्थाने त्याच्यावरून उमगले.

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ मधली कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असते. त्या कथेतल्या पत्रांकडे आम्ही यावेळी 'अर्ज' म्हणून पाहिले. पहिला अर्ज गोपाळराव जोशी यांचा. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी मिशनरी वाइल्डर यांना लिहिले. ते पत्र वाइल्डर यांच्या उत्तरासह 'मिशनरी रिव्ह्यू'मध्ये छापले गेले, आणि उत्तरात धर्मांतराची सूचना होती. अर्ज फसला, पण न्यू जर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो वाचला आणि त्यातून पुढचा पत्रव्यवहार जन्मला. दुसरा अर्ज खुद्द आनंदीबाईंचा. १८८३ च्या जून महिन्यात अमेरिकेत पोचल्यावर, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते आजही जतन केलेले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने त्या पत्राची बांधणी अभ्यासावी. आपण प्रवेशाच्या सर्व अटी पुऱ्या करीत नसू, ही उणीव त्या लपवत नाहीत. मात्र लगेच त्या सांगतात की आप्तांचा आणि जातीचा एकवटलेला विरोध पत्करून ज्या निर्धाराने मी इथवर आले, तो निर्धारच माझ्या बाजूने धरला जावा. आणि मग हेतू: आपल्या देशातल्या ज्या स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांच्यापर्यंत वैद्यकीय मदत पोचवणे. उणिवेची कबुली, केलेल्या कृतीचा पुरावा, आणि दुसऱ्या कोणालाही उसना घेता येणार नाही असा हेतू. 'मला वैद्यकशास्त्राची लहानपणापासून आवड आहे' असे त्यांनी लिहिले असते तर? निर्धार हा शब्द त्यांच्या पत्रात शोभतो, कारण त्याच्यामागे समुद्रप्रवास उभा आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या निवेदनात तो पोकळ वाजतो, कारण त्याच्यामागे काय उभे आहे ते आपण त्यांना लिहूच देत नाही.

याच्याही आधी, १८८३ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाईंनी श्रीरामपूरला भरसभेत आपण अमेरिकेला का जातो हे सांगितले होते. म्हणजे परक्यांसमोर मांडण्यापूर्वी तो हेतू त्यांनी आपल्या माणसांच्या प्रश्नांवर घासून पाहिला होता. आम्ही हीच रीत उचलली. तिला सांगितले, आधी मराठीत बोल. आम्ही विरोधी पक्ष होतो. ओव्यांचे काम तर झालेलेच आहे, तू नवे काय करणार? साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंड काढले, हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि २०१७ पासून त्या आंतरजालावर गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकायलाही मिळू लागल्या. मग तुझे उरले काय?

पहिल्या दिवशी ती गप्प राहिली. आठवडाभराने आली तेव्हा तिच्याजवळ एक वाक्य होते. तिला ओव्यांचा संग्रह करायचा नव्हता. ओवीचे श्रेय बायका आपापसांत कसे नोंदवतात, आणि ते श्रेय छापील पुस्तकात येताना कोणत्या टप्प्यावर गळून पडते, हे तिला शोधायचे होते. आम्ही दोघेही क्षणभर काही बोललो नाही. 'लोकसाहित्य अनामिक असते' हे विधान आम्ही पंचवीस वर्षे ऐकत आणि ऐकवत आलो होतो. श्रेय गळून पडण्याच्या टप्प्यांपैकी एक आमचा वर्गही होता.

हे वाक्य सापडल्यावर बाकीचा अर्ज त्याच्याभोवती जुळत गेला. आता जे सांगतो ते कदाचित इतरांच्या उपयोगी पडेल.

विद्यापीठे निवडताना आम्ही क्रमवारी बाजूला ठेवली. या प्रश्नाला मार्गदर्शक कोठे मिळेल, तिथे मराठीची किंवा निदान मौखिक परंपरेची जाण असलेले कोणी आहे का, एवढेच पाहिले. त्या प्राध्यापकांचे निदान एक पुस्तक वा दोन लेख तिने वाचावेत, आणि निवेदनात त्यांची स्तुती न करता, त्यांच्या कोणत्या मुद्द्याशी आपला प्रश्न भिडतो ते दोन वाक्यांत लिहावे, असे ठरले. विभाग त्या वर्षी प्रवेश देणार आहे का, हेही दरवर्षी नव्याने पाहावे लागते. २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मानव्यविद्या शाखेने काही विभागांतले पीएच.डी. प्रवेश एका वर्षासाठी थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांनी आपली सारी भिस्त एकाच ठिकाणावर ठेवली असेल, त्यांची काय अवस्था झाली असेल!

पैशांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर बहुधा शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते, तर नुसत्या मास्टर्सचा खर्च पुष्कळदा स्वतः करावा लागतो. आपल्याकडे तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एम.ए. झालेल्याने थेट पीएच.डी.साठी अर्ज करायला हरकत नसते. इंग्लंडमध्ये मास्टर्स एका वर्षाचे. त्यासाठी चेव्हनिंग, कॉमनवेल्थ अशा शिष्यवृत्त्या असतात, त्यांच्या अटी वेगवेगळ्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची 'नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप'ही आमच्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांसमोर होती. पण २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय त्या योजनेतून वगळण्यात आले. जिचा प्रश्न तिच्या आत्याच्या जात्यापाशी सुरू होतो, तिच्यासाठी ते दार त्या एका कलमाने बंद केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, आणि १९१६ मध्ये तिथल्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिव्यवस्थेवरच निबंध वाचला. ज्या विषयाने आपण घडतो त्याचा अभ्यास दूर जाऊन करावा, ही आपल्याकडची जुनी आणि फलदायी रीत आहे. तमाशा आणि जात यांवर २०२२ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या आणि २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळवणाऱ्या शैलजा पाईक हे तिचे अलीकडचे उदाहरण. नियमावली करणाऱ्यांना ती रीत ठाऊक नसावी, याची खंत वाटते.

लेखननमुना हा साहित्याच्या अर्जात कदाचित सर्वांत महत्त्वाचा भाग. आम्हांला वाटले होते, एम.ए.चा प्रबंध इंग्रजीत उतरवला की झाले. तसे होत नाही. आमच्याकडच्या प्रबंधात पहिली साठ पाने 'लोकसाहित्य: संकल्पना आणि स्वरूप' यांतच जातात आणि स्वतःचे म्हणणे शेवटच्या वीस पानांत येते. परदेशी वाचकाला साधारण वीसच पाने हवी असतात आणि म्हणणे पहिल्या दोन पानांत हवे असते. म्हणून तिने त्या वहीतला एकाच ओवीचा चार गावांचा प्रवास घेतला आणि त्यावरच नव्याने निबंध लिहिला. ओव्यांचे भाषांतर तिने स्वतः केले, मूळ ओवी शेजारी ठेवून. 'जोडणे' या शब्दासाठी इंग्रजी प्रतिशब्द शोधण्यात तिचे दोन दिवस गेले. बायका ओवी 'रचतात' असे म्हणत नाहीत, 'जोडतात' म्हणतात. शेवटी तिने मूळ शब्दच ठेवला आणि तो का ठेवला याचा एक परिच्छेद लिहिला. तो परिच्छेद त्या निबंधातला सर्वांत चांगला भाग होता.

आणि शिफारसपत्रे. मुख्याध्यापकांऐवजी तिचा प्रबंध तपासलेल्या विद्यापीठातील प्राध्यापकांना तिने विनंती केली, कारण पत्र तिच्या अभ्यासाचा साक्षीदार असलेल्याचे हवे. पत्र मागताना आपले निवेदन, निबंध आणि गुणपत्रक शिक्षकांना महिनाभर आधी द्यावे, म्हणजे त्यांच्याकडून वेगवेगळे मुद्दे येतात. आम्हीही कामे वाटून घेतली. एकाने वर्गातला तो प्रश्न लिहिला, तिच्या शब्दांत आणि तारखेच्या अंदाजासह. दुसऱ्याने तिच्या गुणांचा अर्थ लावून दिला. एम.ए.ला ५८ टक्के ही संख्या परदेशात वाचणाऱ्याला सामान्य वाटेल. आमच्याकडे ६० ला प्रथम वर्ग मिळतो आणि त्या वर्षी आमच्या विभागात तो दोघांनाच मिळाला होता, हे सांगणारे शिक्षकांशिवाय दुसरे कोण असणार? पत्रे महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवरून गेली. त्यासाठी कार्यालयात तो पत्ता चालू करून घेण्यात आठवडा गेला, तो भाग निराळा.

एका मुद्द्यावर मात्र आमच्या दोघांत वाद झाला. त्या प्रकल्पाविषयी लिहायचे तर २० पैकी १४ गुणांचे काय करायचे? गुण सांगायची गरज नाही, असे एकाचे मत. तो प्रकल्प इतका चांगला होता तर चौदाच गुण कसे, असे कोणी विचारले तर आपली आणि तिचीही शोभा होईल. दुसऱ्याचे म्हणणे, ज्या पत्रात पहिल्यांदाच खरे लिहितो आहोत त्यात एवढेच खोटे कशाला ठेवायचे? तीन दिवस हा वाद चालला. अखेरीस पत्रात एक परिच्छेद गेला: या प्रकल्पाचे मूल्यमापन आम्ही केले होते आणि ते चुकले. आम्ही संदर्भग्रंथ मोजले. तिच्या साक्षीदार बायकांना संदर्भ मानले नाही. तो प्रकल्प आज तपासायला घेतला तर आम्ही त्याच्याकडून शिकायला बसू.

शिक्षकाने आपली चूक परक्या विद्यापीठाला लेखी कळवावी का, याविषयी मतभेद असू शकतात. आम्हांला अजूनही खात्री नाही. फक्त एवढे सांगता येईल, की ते पत्र लिहून झाल्यावर त्याखाली सही करताना हात अडखळला नाही.

यावेळी सहा अर्ज गेले. चार नकार, एक मास्टर्सचा विनामदत प्रवेश, तो तिने नाकारला, आणि एक प्रतीक्षायादी. अमेरिकेत आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाला होकार कळवण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते. त्या सुमारास कोणी नकार दिला की प्रतीक्षायादी सरकते. १६ एप्रिलला पहाटे तिचा फोन आला. कोणीतरी अनोळखी विद्यार्थी दुसरीकडे गेला होता आणि त्याची जागा तिला मिळाली होती, निर्वाहवेतनासह. उत्तम अर्जालाही असा योगायोग लागतो, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे; म्हणजे नकार आल्यास ते स्वतःला दोष देत बसणार नाहीत. तिच्या पहिल्या पाच नकारांतही आमच्या पत्राचा वाटा नेमका किती होता, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण वाटा होता, हे आम्ही जाणतो.

जाण्यापूर्वी ती आत्याला घेऊन विभागात आली होती. आत्यांनी सारी खोली न्याहाळली, कपाटातली पुस्तके पाहिली, आणि विचारले, "यात आमच्या ओव्या हायेत का?" आम्ही लोकगीतांचा एक जुना संग्रह काढून दाखवला. आत्यांना वाचता येत नाही. पोरीने दोन-तीन ओव्या वाचून दाखवल्या. आत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हायेत खऱ्या. पण कुणाच्या ते लिवलं न्हाई."

त्या वर्षापासून आम्ही विभागात एक साधी वही ठेवली आहे. वर्गात कोणी विचारलेला प्रश्न, एखाद्या निबंधातले चमकून जावे असे वाक्य, कोणाच्या घरी कोणते हस्तलिखित वा गाणे आहे, असे काही कळले की त्या दिवशीच नावासह टिपून ठेवतो. पत्र मागायला कोणी आले की आधी ती वही उघडतो. काही नावांपुढे अजून काहीच लिहिलेले नाही. त्यांत दोष त्यांचा किती आणि आमचा किती, हे तपासणे चालू आहे.

जुना मसुदा आम्ही संगणकावरून काढून टाकला. गुणांची नोंदवही मात्र काढून टाकता येत नाही. तीत तिच्या नावापुढे चौदा गुण अजून तसेच आहेत, शेऱ्यासह.